शिळाछाप इतिहास : प्रतिकाराचे चित्र आणि शत्रूची जागा

1779 च्या जानेवारीत रघुनाथरावांना पेशवेपदावर बसविण्याच्या हेतूने मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून मावळात आली. 4 जानेवारीस कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठी जनस्मृतीने या शत्रूला 'इष्टुर फाकडा' असे कौतुकाचे नाव देऊन आपल्यात सामावून घेतले. 9 तारखेस फौज तळेगावी पोचली, तेव्हा गाव मराठ्यांनी स्वतःच जाळलेले होते आणि दाणावैरणीचा मागमूस नव्हता. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रजांनी माघार घेतली. वडगावला त्यांना घेरण्यात आले आणि 16 तारखेस मानहानीचा तह करून त्यांना सुटका मिळवावी लागली.

या घटनेनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी, 1899 च्या सुमारास, तळेगाव–वडगावच्या पश्चिमेस त्याच लोहमार्गावरील मळवली येथे रविवर्मा छापखाना आला. मुंबईत 1894 साली सुरू झालेला हा छापखाना लोहगड–विसापूरच्या पायथ्याशी स्थिरावला आणि तेथून देवदेवतांच्या व पौराणिक नायिकांच्या चित्रांबरोबर शिवाजी महाराजांचे चित्रही देशभर गेले. पुण्याच्या चित्रशाळेने तर त्याआधी वीस वर्षे मराठी घरांच्या भिंतींवर इतिहासपुरुषांना जागा मिळवून दिली होती. या रंगीत छापांनी लोकप्रिय केलेला प्रतिकार मुख्यतः सतराव्या शतकातला, आदिलशाही व मोगल सत्तांविरुद्धचा होता. ज्या भूमीवर हे छाप निघत होते तिच्यावर घडलेला इंग्रजांचा पराभव या चित्रविश्वाच्या केंद्रस्थानी आला नाही. केंद्रस्थानी काय आले आणि काय कडेला राहिले, हा प्रश्न केवळ विषयनिवडीचा नाही. लोकप्रिय ऐतिहासिक चित्र नावाच्या संहितेची रचनाच त्या निवडीतून उलगडते.

या संहितेच्या उगमापाशी 1878 हे वर्ष उभे आहे. त्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली. पुढे वासुकाका जोशी यांनी ती दीर्घकाळ चालविली. त्याच वर्षी काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी 'काव्येतिहाससंग्रह' सुरू करून बखरी व जुनी कागदपत्रे छापण्यास आरंभ केला. आणि त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. या तीन घटनांना कार्यकारणाच्या एका दोरीत ओवणे घाईचे ठरेल. तथापि त्यांचे एकत्र येणे अर्थशून्यही नाही. एकाच वर्तुळातील माणसे इतिहासाचे साधन छापीत होती आणि इतिहासाचे चित्रही छापीत होती. ग्रँट डफच्या 1826 च्या ग्रंथाने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत बंदिस्त केल्याची खंत नीळकंठ जनार्दन कीर्तने यांच्या 1867 च्या टीकेपासून व्यक्त होत होती. 'निबंधमाले'तील 'इतिहास' या निबंधाने तिला वैचारिक अधिष्ठान दिले. बखरींचे प्रकाशन हे त्या खंतीचे वाचकांसाठी दिलेले उत्तर होते. शिळाछाप हे ज्यांना बखर वाचता येत नव्हती त्यांच्यासाठी.

सरकारला चित्राची ताकद कळत नव्हती असे मात्र नाही. 1870 साली भारतीय दंडविधानात राजद्रोहाचे 124-अ हे कलम आले, तेव्हाच त्यात उच्चारित व लिखित शब्दांबरोबर खुणा आणि दृश्य प्रतिरूपण यांचाही उल्लेख होता. 1910 च्या मुद्रण कायद्याने तर 'दस्तऐवज' या संज्ञेच्या व्याख्येतच रंगचित्र, रेखाचित्र व छायाचित्र यांचा समावेश केला. तरीही कायद्याची मोठी कुऱ्हाड कोसळली ती शब्दांवर. 12 जून 1897 रोजी पुण्यात शिवराज्याभिषेकोत्सव झाला आणि त्याचा वृत्तान्त 15 जूनच्या 'केसरी'त आला. अफझलखानाच्या वधाचे नैतिक समर्थन त्यात होते. एका आठवड्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याचा सारा भर शब्दांच्या अर्थावर होता : सतराव्या शतकाविषयी बोलताना वक्ता एकोणिसाव्या शतकाविषयी बोलत आहे काय? शब्दांत हा प्रश्न उपस्थित करता येतो, कारण शब्द विधान करतात. वाघनखे काढणारा शिवाजी मात्र कोणतेच विधान करीत नाही. तो फक्त दिसतो. त्याचे रूपक पूर्ण करण्याची जबाबदारी पाहणाऱ्याची, आणि पाहणाऱ्याच्या मनातील वाक्य न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येत नाही.

पराभूत किंवा अंकित समाज भूतकाळातील प्रतिकार छापील चित्रांतून पुन्हा उभा करतो, ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची नाही. त्याच काळातील फ्रान्सचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. इ. स. पूर्व 52 मध्ये अलेझिया येथे ज्युलियस सीझरपुढे शरण गेलेला गॉल सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स हा अठराशे वर्षे जवळजवळ विस्मृतीत होता. अमेदे थिएरी याच्या 1828 च्या गॉलविषयक इतिहासग्रंथानंतर तो राष्ट्रपुरुष होऊ लागला. 1865 साली तिसऱ्या नेपोलियनने त्याचा भव्य पुतळा अलेझिया मानल्या गेलेल्या टेकडीवर उभारविला. 1870–71 च्या युद्धात प्रशियाकडून पराभव झाल्यावर शालेय पुस्तके, सचित्र इतिहास आणि स्वस्त छाप यांतून हा मिशाळ वीर घरोघरी पोचला. लिओनेल रॉयेर याने 1899 मध्ये रंगविलेल्या चित्रात तो पांढऱ्या घोड्यावर ताठ बसून सीझरच्या पायांशी शस्त्रे टाकतो. शरण जाणारा विजयी दिसतो आणि विजेता खुर्चीत आक्रसलेला. जर्मनीने घेतलेल्या अल्सास–लोरेनकडे डोळे लावून बसलेल्या पिढीला या चित्रातील रोमन कोण हे सांगावे लागत नव्हते.

दोन्हीकडील साम्य उघड आहे. भेद अधिक बोलका आहे. व्हर्सिंजेटोरिक्सची कथा मुख्यतः त्याच्या शत्रूने लिहिली. सीझरच्या वृत्तान्तात शरणागतीचा क्षण दोन-चार शब्दांत आटोपतो. घोडा आणि शस्त्रे टाकण्याचे नाट्य मागाहून प्लुटार्कने पुरविले. फ्रेंच चित्रकार शत्रूच्या संहितेतील एक त्रोटक वाक्य वाढवून त्यातून पराभवाचे सौंदर्य निर्माण करतो. मराठी चित्रकारापाशी स्वकीयांची बखर होती. 1690 च्या दशकात कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामासाठी लिहिलेल्या शिवचरित्रात प्रतापगडच्या भेटीचे तपशीलवार कथन आहे. त्यामुळे येथे चित्राला रिकाम्या जागा भरायच्या नव्हत्या. उलट भरगच्च कथनातून वगळायचे होते.

काय वगळले गेले, हे पाहण्यासारखे आहे. प्रतापगडच्या प्रसंगात अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी हा ब्राह्मण होता. खानाच्या सैन्यात मराठे सरदार होते. शिवाजीच्या पदरी मुसलमान चाकर होते. वध झाल्यावर खानाचे दफन प्रतापगडाच्या पायथ्याशीच झाले. हे सारे कथनाच्या प्रवाहात मावते, कारण कथनाला काळ असतो; एका वाक्यात वैर, दुसऱ्यात वाटाघाट आणि तिसऱ्यात अंत्यसंस्कार येऊ शकतात. चित्राला एकच क्षण मिळतो. लेसिंगने 1766 साली 'लाओकून'मध्ये म्हटल्याप्रमाणे चित्रकाराने आधीचे व नंतरचे सूचित करणारा गर्भित क्षण निवडावा, अशी अपेक्षा असते. लोकप्रिय छापाने मात्र आलिंगनाचा असा क्षण निवडला की ज्यात आधीची बोलणी आणि नंतरची कबर दोन्ही अदृश्य होतात. उरतात दोन देह आणि दोन पक्ष. गॉलच्या चित्रांतही हेच घडते. एदुई ही प्रबळ गॉल टोळी दीर्घकाळ सीझरची मित्र होती आणि गॉलांच्या घोडदळावाचून रोमन मोहीम चालती ना; चित्रात मात्र एका बाजूस सारे गॉल आणि दुसऱ्या बाजूस सारे रोमन.

या सुलभीकरणाला केवळ प्रचारकी हेतू कारणीभूत मानणे अपुरे होईल. माध्यमाची आणि उपयोगाची तर्कशुद्धता त्यामागे आहे. रंगीत शिळाछापासाठी प्रत्येक रंगाचा स्वतंत्र दगड लागे. बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या चुनखडी दगडावर स्निग्ध शाईने रेखाटन करून, दगड ओला ठेवून, एकावर एक रंग अचूक बसविणे हे खर्चाचे व कौशल्याचे काम होते. एवढा खर्च भरून काढायचा तर चित्र खूप विकले गेले पाहिजे, आणि खूप विकले जाण्यासाठी ते भिंतीवर वर्षानुवर्षे टिकणारे असले पाहिजे. वर्तमानपत्राचे चित्र पाहून टाकून देतात. हे चित्र चौकटीत बसवितात. चित्रशाळेच्या 'रामपंचायतना'च्या लोकप्रियतेने या व्यवहाराचा साचा घालून दिला. शिवाजी, सवाई माधवराव, नाना फडणीस हे ज्या भिंतीवर गेले तेथे राम, दत्त आणि लक्ष्मी आधीच होते. तीच समोरासमोरची बैठक, तेच स्थिर डोळे, तोच हार घालण्याजोगा माथा. इतिहासपुरुषाने दर्शनाचे व्याकरण उसने घेतले.

दर्शनात काळ थांबतो. देव 'होता' असे कोणी म्हणत नाही, तो असतो. त्याच भिंतीवर लागलेला शिवाजीही भूतकाळातून निघून नित्य वर्तमानात येतो. प्रतिकार ही घडून गेलेली, अनिश्चित, तडजोडींनी भरलेली कृती न राहता एक शाश्वत मुद्रा बनते. मळवलीच्या छापखान्यातून दिसणारा लोहगड या बाबतीत उत्तम प्रतिसाक्षी आहे. 1665 च्या पुरंदर तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये परत घेतला गेला. देणे आणि परत घेणे, माघार आणि संयम, हीच त्या राजकारणाची खरी लय होती. भिंतीवरच्या चित्राला पुरंदर पेलत नाही; किल्ल्यांच्या किल्ल्या स्वाधीन करणारा शिवाजी पूजेस बसविता येत नाही. फ्रेंच चित्रकाराने शरणागतीचे चित्र रंगविले, कारण त्याचा प्रेक्षक नुकताच हरलेला होता आणि त्याला हरण्यातील ताठपणा हवा होता. मराठी प्रेक्षकही हरलेलाच होता, पण त्याला विजयाची आठवण हवी होती.

चेहऱ्याचा प्रश्न याच संदर्भात येतो. दीर्घकाळ शिवाजीचे म्हणून जे चित्र पुस्तकांतून फिरत होते ते वस्तुतः एका मुसलमान सरदाराचे होते, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि 1933 मध्ये समकालीन डच संबंधांतून आलेले अस्सल चित्र प्रसिद्ध केले. मराठी इतिहाससंशोधनाच्या दृष्टीने ही मोलाची घटना होती. तथापि लोकप्रिय चित्राच्या जीवनावर तिचा परिणाम मर्यादितच झाला. टोकदार दाढी, जिरेटोप, कपाळीचे गंध, कमरेची भवानी ही चिन्हे जोवर जागेवर आहेत तोवर नाकाचा कोन थोडा बदलला तरी भक्ताला अडचण येत नाही. व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावाची जी नाणी सापडतात त्यांवरील मुख बिनमिशांचे आहे. नेपोलियनने उभारविलेल्या पुतळ्याला भरघोस मिशा आहेत आणि त्याच्या मुद्रेत खुद्द सम्राटाचा भास होतो असे समकालीनांनाही जाणवले होते. लोकप्रिय चित्राची सत्यता साम्यावर अवलंबून नसते, ओळखीवर असते. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे या दृष्टीने अपवादात्मक ठरतात, कारण 1790 च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुणे दरबारात राहून त्यांना समोर पाहून रंगविले होते. ज्यांचा चेहरा ठाऊक होता ते मुत्सद्दी भिंतीवरून पुढे उतरले आणि ज्याचा चेहरा शोधावा लागला तो तेथे कायम राहिला.

मळवलीच्या छापखान्याची कथा या साऱ्याला आणखी एक वळण देते. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मा यांनी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकला. 1906 मध्ये रविवर्मा निवर्तले. छापखाना मात्र पुढे कित्येक दशके चालला आणि 1972 च्या आगीत नष्ट झाला. म्हणजे ज्या काळात हे छाप स्वदेशी अभिमानाचे वाहक मानले जात होते त्या काळात दगड जर्मन, मालक जर्मन आणि चित्रातील शैली युरोपीय वास्तववादी होती. दादासाहेब फाळके यांनी या छापखान्यासाठी काम केले आणि लोणावळ्यात छपाईचा स्वतःचा उद्योग मांडला, तो चित्रपटाकडे वळण्यापूर्वी. म्हणून मावळातील या दगडांचा वारसा पडद्यापर्यंत जातो. प्रतिमेची राष्ट्रीयता तिच्या साहित्यात शोधू गेल्यास हाती लागत नाही. ती पाहणाऱ्याच्या बाजूने निर्माण होते.

मळवलीपासून काही मैलांवर असलेल्या तळेगाव दाभाडे या गावात त्याच दशकात प्रतिकाराचे वेगळे प्रयोग चालू होते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून 1908 मध्ये तेथे काचकारखाना उभा राहिला. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय कोल्हापूरहून तेथे आले. विजापूरकरांना 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखासाठी 1908 मध्ये कारावास भोगावा लागला. त्या लेखाचे कर्ते श्रीपाद दामोदर सातवळेकर हे व्यवसायाने चित्रकार होते. 1910 मध्ये सरकारने विद्यालयच बंद केले. याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. चित्रकाराच्या हातून उतरलेला लेख राजद्रोही ठरला, शिक्षणसंस्था बेकायदा ठरली, आणि भिंतीवरील प्रतिकाराचे चित्र जागच्या जागी राहिले. ते राहिले याचा अर्थ ते निरुपद्रवी होते असा नव्हे. त्याने शत्रूचे नाव उच्चारले नव्हते एवढाच. या अनुच्चारातच त्याचे सामर्थ्य होते आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याचा धोकाही.

ज्या दाभाड्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते त्यांचा इतिहास या चित्रव्याकरणाची दुसरी मर्यादा दाखवितो. खंडेराव दाभाडे यांना शाहूने 1717 मध्ये सेनापतिपद दिले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत पडले, ते कोणा परकीय फौजेशी नव्हे तर पहिल्या बाजीरावाशी लढताना. त्र्यंबकरावांच्या मातोश्री उमाबाई यांनी सेनापतिपदाची धुरा सांभाळली आणि 1750–51 मध्ये ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यात त्यांना पराभव व कैद पत्करावी लागली. हाही प्रतिकारच, आणि तोही साध्यासुध्या बळाविरुद्ध नव्हे. पण त्यात दोन्ही बाजूंस मराठे आहेत. स्वकीय आणि परकीय या दोनच रकान्यांत विचार करणाऱ्या चित्राला उमाबाईंना कोठे उभे करावे हे ठरविता येत नाही. दोन रकान्यांच्या या चौकटीविरुद्ध महात्मा फुले यांनी 1869 च्या पोवाड्यात आधीच वेगळा, शेतकऱ्यांचा शिवाजी उभा केला होता. पुढे लोकप्रिय झालेल्या चित्रांत रामदासांच्या चरणी लीन झालेला शिवाजी वारंवार आला, तेव्हा वाद केवळ गुरुशिष्य संबंधाच्या ऐतिहासिक सत्यतेचा नव्हता; प्रतिकाराची मालकी कोणाची, हा होता. फ्रान्समध्ये 1789 साली सिएयेस याने सरदारवर्गाला फ्रँक जेत्यांचे वंशज ठरवून सामान्यजन हे खरे गॉल असे सुचविले होते. तेथेही गॉल पूर्वज कोणाचे हा प्रश्न रोमनांपेक्षा घरातल्या वरच्या वर्गाशी निगडित होता.

1947 नंतर या चित्रांची भिंत तीच राहिली, काळ बदलला. इंग्रज गेल्यावर रूपकाची एक बाजू गळून पडली. वसाहतकालीन प्रेक्षक अफझलखानाच्या जागी कलेक्टर पाहू शकत होता. चित्राचा अर्थ लाक्षणिक होता आणि तो लाक्षणिक आहे हे सर्वांना ठाऊक होते. रोलाँ बार्थ याने 1964 च्या आपल्या निबंधात मथळा चित्राच्या अनेक अर्थांना नांगर घालतो असे प्रतिपादन केले आहे. या छापांच्या बाबतीत नांगर छापील मथळ्याचा नव्हता, परिस्थितीचा होता. परिस्थिती गेली आणि नांगर तुटला. लाक्षणिक अर्थ वाच्यार्थावर येऊन बसला. शत्रूच्या रिकाम्या जागेत आता साम्राज्य नव्हे, तर शेजारी दिसू लागला. 2009 च्या गणेशोत्सवात मिरज येथे अफझलखानवधाचे चित्र असलेल्या कमानीवरून दंगल उसळली, तेव्हा चित्र जुनेच होते. त्याचे वाचन नवे होते.

येथे चित्राला दोषी ठरविणे सोपे आहे आणि निष्फळही. ज्या पिढीला बोलण्याची मुभा नव्हती तिने न बोलणारी भाषा घडविली. त्या भाषेने धैर्य दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण जी संहिता शत्रूचे नाव न उच्चारण्यावर उभी राहते ती ते नाव भरण्याचा अधिकार येणाऱ्या प्रत्येक काळाला देऊन ठेवते. अभ्यासकाचे काम चित्र भिंतीवरून काढण्याचे नाही. चित्राने ज्यांना चौकटीबाहेर ठेवले त्या कृष्णाजी भास्करला, प्रतापगडच्या कबरीला, पुरंदरच्या तहाला, उमाबाई दाभाड्यांना आणि तळेगावच्या जळालेल्या घरांना पुन्हा चित्राशेजारी आणून ठेवण्याचे आहे. वडगावच्या विजयाचे श्रेय सरदारांइतकेच ज्यांनी आपली घरे पेटू दिली त्या गावकऱ्यांचेही होते. त्यांचा चेहरा कोणत्याच दगडावर उतरला नाही. म्हणूनच त्यांच्या प्रतिकारात शत्रूची जागा आजवर दुसऱ्या कोणाला देता आलेली नाही.